दारापाशी का भिंतीकडं

शेषेराव म्हनतो मी येडा हाय. म्हनू द्या. नांदेडला रेल्वेच्या हापिसात पंख्याखाली बसून दुसऱ्याला येडं म्हनायला काय लागतंय? "दाजी, नंबर ब्लॉक करा अन गप ऱ्हावा. हे समदं फ्रॉड असतंय." आरं, फ्रॉडवाला पैसा मागतो, ओटीपी मागतो. ह्यानं सात महिन्यांत त्यातलं काय बी मागितलं न्हाई. ह्यानं जागा मागितली. झोपायची जागा. ते काय शेषेरावच्या टाळक्यात शिरंना. बायकोचा भाऊ हाय म्हनून फोन ठिवला. दुसरा असता तर नांदेडला जाऊन कानफटात देली असती.

जाऊ द्या. अप्पा, तुमी बसा. चहा नका सांगू माझ्यासाठी.

तुमी होस्टेलचे मालक. तुमचा नियम बराबर हाय. पोरींच्या मजल्यावर बाप्या मान्साला सोडायचं न्हाई, अन कारन सांगितल्याबिगर तर न्हाईच. माझी रुद्रानी हितं व्हती तवा ह्याच नियमाच्या भरवशावर मी घरी निजत व्हतो. आता तिला घरी नेऊन पंधरा दिस झाले. तरी मी आज किल्लारीहून यष्टीनं आलोय. तिसऱ्या मजल्यावरची तीनशे सात उघडा, अन त्यातल्या त्या उमैमा नावाच्या पोरीला दुसऱ्या खोलीत घाला, येवढंच माझं म्हननं हाय. तुमी म्हनता पोरगी चारला खाली येऊन चहा पिऊन गेली, चांगली हाय. आसंल. तुमी म्हनता कारन सांगा. सांगतो. सातला तुमची हाजरी असती, त्याच्या आत सांगून हुईल.

लाईट गेली ते बरंच झालं. हा चार्जिंगचा दिवा असा मधी ठिवा. माझ्या तोंडावर नका मारू.

आमचं गाव किल्लारीच्या अंगाला. जुनं पडलं, नवं बसवलं. नव्यात समदी घरं येका मापाची, दारावर नंबर. जुन्यात आता बाभळी हायत अन दगडं. भूकंप झाला तवा मी अकरा वर्साचा व्हतो. त्याच्यानंतर आमच्या घरात येक रीत पडली. मायनं पाडली. साखराबाई, माझी माय.

सांजची जेवनं झाली का माय समद्यांची नावं घेती. आपलं नाव आलं का म्हनायचं, "हाय." अन कुठं झोपनार ते सांगायचं. "हाय, दारापाशी." "हाय, भिंतीकडं." "हाय, चुलीच्या अंगाला." अन जे सांगितलं तिथंच झोपायचं. रातच्याला कूस बदला, जागा बदलायची न्हाई. पावना आला तरी त्याला बी सांगावं लागतंय. कामून? तर घर बसलं तर खंदनाऱ्याला ठावं पाहिजे, कुठं खंदायचं.

हसू नका. ज्यानं खंदलंय त्याला हसू येत न्हाई.

माझा बाप त्या पहाटं आढ्याखाली गेला. अन बहीन. महानंदा. सात वर्साची, नंदी म्हनायचो. तिला दम लागायचा म्हनून ती दारापाशी झोपायची, वाऱ्याला. माय बेसुद पडली व्हती, तिला सोलापूरच्या दवाखान्यात नेलं व्हतं. मागं मी येकटा. खंदनारी मान्सं मला इचारत, पोरा, बहीन कुठं व्हती? मी सांगितलं, दारापाशी. त्यायनी दारापाशी खंदलं. नंदी घावली न्हाई.

आत्ता इतकंच.

रुद्रानी माझी पोरगी. दहावीला त्र्यान्नव टक्के. आमच्या खानदानात कुनी धड सातवी बघितली न्हाई. म्हनलं लातूरला घालायची, क्लासला. हितं तर गल्लीगल्लीत डॉक्टर करायचे क्लास हायत. माय म्हनली, "घाल. पन लेकरू तिथं कुठं झोपलं ते मला कोन सांगनार?" दोन दिस जेवली न्हाई. तवा ह्याच शेषेरावनं शक्कल काढली. म्हनला, दाजी, फोनवर ग्रुप काढू. आज्जी आवाज टाकंल, जो तो आपापला आवाज टाकंल. ग्रुप त्यानं काढला. आता मलाच म्हनतो ब्लॉक करा.

किल्लारीत मकसूदचं मोबाईलचं दुकान हाय, तिथनं मी मोठा फोन घेतला. माय फोन असा तोंडापाशी धरायची, बिडी पेटवावी तसा, अन वरडायची, "रुद्रेऽ!" तिकडनं यायचं, "हाय आज्जी, दारापाशी." मग शिवगंगा, माझी बायको. मग मी. शेषेराव नांदेडहून चेष्टेवारी म्हनायचा, "हाय, बायकोच्या धाकात." आमी चौघं अन माय, पाच आवाज. पाच झाले का माय फोन उशाला ठिवून निजायची.

आता माझी चूक सांगतो. शेषेराव म्हनतो तेवढी येकच बराबर हाय.

मला वाचता येतंय, अक्षर लावून लावून. लिहायला जमत न्हाई. पन फोटू टाकायला कुठं लिहावं लागतंय? तुमच्या गेटापाशी पोरगी हुबी केली, वर तुमचा बोर्ड, काढला फोटू. खोलीचं दार, तीनशे सात, काढला फोटू. पोरगी खाटंवर पुस्तक घेऊन बसलेली, काढला. समदे टाकले. कुठं कुठं टाकता येतंय तिथं समदीकडं टाकले. मकसूदनं बघितलं. बोलला, "मार्तंडभाऊ, पोरीचं तोंड हाय, पत्ता हाय, खोलीचा नंबर बी हाय. दुनिया बघती हे. थोडं झाकून टाका." मी म्हनलं, "तुझ्या बापाचं काय जातंय? माझी पोरगी हाय, चोरून आनली न्हाई." त्यो बिचारा पुढल्या गिऱ्हाइकाकडं वळला. त्याच्या दोन पोरी हायत. त्यांचा येक फोटू कुठं दिसत न्हाई.

वरून मी काय केलं, आमच्या भूकंपवाल्या गावांचा येक मोठा ग्रुप हाय, दोनशे-अडीचशे मान्सांचा. त्यात आमच्या घरच्या ग्रुपची लिंक सोडली. म्हनलं या, पोरीचं कवतिक करा. दहा-बारा जन आले. आंगठे दावले, हार-फुलं टाकली, निघून गेले. येक ऱ्हायला.

नाव न्हाई, नुसता नंबर. फोटूच्या जागी रुद्रानीचाच फोटू, मीच टाकलेला, तुमच्या गेटापाशी काढलेला. मला वाटलं पोरीचा दुसरा नंबर आसंल. पोरीला वाटलं, मामानं मृण्मयीला फोन देला आसंल. मृण्मयी शेषेरावची पोरगी, दुसरीत हाय. कुनी कुनाला इचारलं न्हाई. माय तर नंबर बघत न्हाई, आवाज मोजती. अन ग्रुपमधी त्या नंबरचा आवाज कधी आलाच न्हाई.

तो येकट्या रुद्रानीला यायचा. लहान पोरीचा आवाज. दम लागल्यावानी.

"ताई... कुठं झोपली?"

"दारापाशी."

"खोलीत कोन हाय?"

"मी अन उमैमा."

"भिंत दगडाची हाय का?"

"न्हाई गं, सिमिटाची. अभ्यास केलास का तू?"

दुसऱ्या दिशी परत, "ताई... कुठं झोपली?"

दुसऱ्या कुन्या पोरीला फोनवर अनवळखी मानसानं इचारलं असतं, तू कुठं झोपती, दार कुठंशी हाय, संगं कोन हाय, तर पोरीनं चप्पल दावली असती. शाळंत बी हेच शिकवतात म्हनं, सांगू नका. माझ्या पोरीला त्यात काय वावगं वाटलंच न्हाई. आमच्या घरी हेच इचारतात. रोज इचारतात, मायेनं इचारतात. लहानपनापासनं तिला ठावं हाय का, ज्याला आपली फिकीर हाय तो हे इचारनारच. ती सांगत गेली.

मग येक दिस तो आवाज म्हनला, "ताई, दारापाशी माझी जागा हाय. तू भिंतीकडं सरक ना."

लहान लेकराचा हट्ट म्हनून पोरगी हसली. अन उमैमासंगं खाट बदलली. उमैमा आली दारापाशी, ही गेली भिंतीकडं. का बदलली म्हनून मी लई इचारलं नंतर. म्हनली, "पप्पा, ती रडून राहिली होती." आज्जीला मात्र रोज सांजच्याला सांगायची, "हाय, दारापाशी." म्हातारी जिकीर करंल म्हनून. आमच्या घरात जागंचं खोटं बोलनारी ती पहिली न्हाई. ते पुढं येतंय.

पुढं तिला ताप आला. तुमीच फोन केला व्हता अप्पा, अन तुमीच मला वर सोडलं. दुपारचे दोन वाजले व्हते. मी धपाटे अन शेंगाची चटनी बांधून आनलेली. खोली उनानं भरलेली. समदं झकपक, गुलाबी रंग, वर पंखा फिरून राहिला. अन वास मातीचा. पावसाच्या मातीचा न्हाई. बंद, जुन्या मातीचा. सामान काढून नेलेल्या घरात येतो तसा.

पोरगी भिंतीला तोंड करून पडली व्हती. म्हनलं, "उठ, धपाटे खा." ती उठून बसली अन खोकली. हातावर काय तरी थुकली. मी हात धरला. पांढरी माती.

"हे काय खाल्लंस?"

"न्हाई खाल्लं, पप्पा..."

"मग?"

"सकाळी उठलं का... तोंडात असती."

मी तिची चादर उचलून झटकली. खाली फरशीवर माती पडली, ओंजळभर. मी बसलो अन बोटानं चाळली. तिच्यात बारीक चिपाडं व्हती, शेनाचा भुसा व्हता. अप्पा, तुमची बिल्डिंग सिमिटाची. ही माती माळवदाची व्हती. आमच्या जुन्या घरावर असायची ती. वरनं पानी गळू नये म्हनून माय दर साली चोपायची. आता अशी घरं कुठं हायत? अन त्या मातीत लाल कन व्हते. मी वास घेतला. गुलाल व्हता. आमचं गाव गनपती बुडवून निजलं व्हतं भूकंपाच्या राती. समद्यांच्या अंगावर गुलाल व्हता.

उमैमा दारात हुबी. जळकोटची हाय ती, बाप टेलर. मला म्हनली, "काका, मी रोज झाडते. रोज निघते."

मी पोरीचा फोन घेतला अन त्या नंबरचे समदे आवाज ऐकले, येकापाठी येक. आवाजाच्या मागं बारीक काय तरी वाजत व्हतं. खर्र... खर्र... थांबायचं, परत खर्र. खोऱ्याचा आवाज. दगडमाती वढायच्या खोऱ्याचा. लई लांबनं. जनू कुनी दुसरीकडंच खंदून राहिलंय.

मी फोन भिंतीवर मारला. तुमच्या गुलाबी भिंतीवर डाग हाय अजून, जाऊन बघा. पोरीला तसंच गाडीत घातलं अन घरी नेलं. तुमाला वाटलं मानूस माजलाय.

शेषेराव म्हनला पोलिसात जा. गेलो. तिथला फोनचं बघनारा पोरगा भला व्हता, माझ्यावर वरडला न्हाई. म्हनला, "काका, नाव, तोंड, पत्ता, खोली, खाट, समदं तुमीच देलंय. त्याला शोधायची गरजच पडली न्हाई." खरं हाय म्हनलं. माझ्या फोनवर रुद्रानीनं मागं पाठवलेला येक आवाज ऱ्हायला व्हता, मृण्मयी कशी लाडानं बोलती बघा म्हनून. तो त्यानं कानाला लावून दोनदा ऐकला. इचारलं, "मागं काय चालूय? बांधकाम?"

"खोरं हाय."

"लांब हाय वाटतं."

"हाव," म्हनलं. "लांब हाय."

त्यानं कागद लिहून घेतला. मी सही केली. अजून काय सांगनार त्याला?

त्याच सांजला घरी माय हाजरी घेत व्हती. पोरगी समोर व्हती, शिवगंगा व्हती. येकला शेषेराव फोनवर. रुद्रानी म्हनली हाय, शिवगंगा म्हनली, मी म्हनलो, शेषेरावचा आवाज आला. पाच झाले. मायनं फोन खाली ठिवायला हात नेला अन फोन वाजला. त्या नंबरचा आवाज. पहिल्यांदा ग्रुपमधी.

"हाय... भिंतीकडं."

येवढंच. अन मागं खर्र... खर्र...

मायचा हात तसाच ऱ्हायला. मला वाटलं म्हातारीला कळनार न्हाई, तीस वर्सं झाली. तिनं फोन उचलला, परत लावला, कानाला लावून ऐकला.

"ही नंदी हाय."

बाहेर कुनाचं तरी म्हसरू हंबरलं.

"पन ही भिंतीकडं कामून म्हनून राहिली?" माय म्हनली. माझ्याकडं बघितलं. "मारत्या... भिंतीकडं कामून?"

मी वरडलो. मला वरडायचंच येतंय. फ्रॉड हाय म्हनलं, शेषेराव काय म्हनतो ऐकलं न्हाईस का, म्हातारी झालीस, डोकं फिरलंय तुझं. ताट लाथाडलं. रुद्रानी रडायला लागली. अन रडता रडता खोकली, अन परत माती आली तोंडातनं. घरी आनली तरी आली. तवा मी खाली बसलो.

मग सांगितलं. तीस वर्सांत पहिल्यांदा. तुमाला बी तेच सांगतो.

गनपती बुडवून आलो तवा मी दमलो व्हतो, उकडत व्हतं. दारापाशी वारा लागत व्हता. नंदी तिथं झोपलेली, तिच्या जागंवर. मी तिला लाथ घातली. म्हनलं, "सरक तिकडं, भिंतीकडं." ती उठली, वाकळ वढत गेली भिंतीकडं, उतरंडीच्या मागं. पहाटं जमीन हालली. मी दारापाशी व्हतो म्हनून बाहेर फेकला गेलो.

मान्सं आली. इचारलं, बहीन कुठं? आता मला सांगायचं व्हतं भिंतीकडं. पन मग इचारतील, ती तर दारापाशी झोपायची, तिला तिकडं कुनी घातलं? मायला कळंल. माय मारंल. अकरा वर्साच्या डोक्यात येवढंच आलं का, माय मारंल. मी बोट दावलं. "दारापाशी हाय ती. दारापाशी खंदा." खंदत ऱ्हायले. कुनी हाक मारली का ती आतनं म्हनत व्हती, हाय... हाय... मान्सांना वाटायचं आवाज दारापाशीच हाय, दगडात काय कळतंय? दुपारपस्तोर म्हनत व्हती. तिसऱ्या दिशी भिंत काढली तवा घावली. मायला कुनी सांगितलं न्हाई कुठं घावली. इचारायला माय तिथं कुठं व्हती?

समदं ऐकून माय रडली न्हाई. येवढंच इचारलं, "तिनं हाका देल्या?"

"देल्या."

"तू ऐकल्या?"

"ऐकल्या."

ती उठली. कोठीतनं वाकळ काढली, जुनी, धुतलेली. दारापाशी आथरली. चारी कोन सारखे केले, उशी ठिवली. मग हाजरी परत घेतली, पहिल्यापासनं. रुद्रानी. शिवगंगा. शेषेराव. अन शेवटी, "महानंदा." वाकळंवर हात ठिवला. मग म्हनली, "हाय. दारापाशी."

त्या दिसापासनं पोरीच्या तोंडात माती न्हाई. खोकला गेला, ताप गेला. त्याच सांजला तो नंबर आमच्या ग्रुपमधनं निघून गेला, तसं लिहून आलं. दारापाशीची वाकळ सकाळी जराशी गोळा झालेली असती. माय ती झटकती, घडी घालती. अन रोज सांजला समद्यांची नावं घेती. माझं घेत न्हाई. पंधरा दिस झाले. मी बसलेला असतो तिच्या समोर. ती पुढलं नाव घेती.

असू द्या. मला वाटलं मिटलं.

तर आज सकाळी तुमच्या उमैमाचा फोन आला घरच्या फोनवर, रुद्रानीसाठी. रुद्रानीनं माझ्याकडं देला. अप्पा, रुद्रानीनं तुमच्या पोरींना ही हाजरी शिकवली ना? पोरींना खेळ वाटला, तुमाला सोपं वाटलं. जिने चढायला नकोत, हितं बसून समद्यांचे आवाज ऐकायचे. खोली नंबर, नाव, कुठली खाट. तुमच्या होस्टेलच्या ग्रुपमधी अजून रुद्रानीच्या फोटूचा येक नंबर हाय. काढा फोन, बघा. तुमी म्हनला आसंल, पोरगी गेली, नंबर ऱ्हायला. तो रुद्रानीचा न्हाई. तिचा फोन मी फोडला.

उमैमा म्हनली, "काका, तो नंबर आता मला आवाज पाठवतो. पन आता ती लहान मुलगी न्हाई बोलत. मुलगा हाय कुनी तरी."

"काय इचारतो?"

"इचारत न्हाई, काका. सांगतो. सरक तिकडं, भिंतीकडं. बस. येवढंच."

म्हनलं, "तू काय केलं?"

"मी सरकले." अन खोकली.

मी तिला तो आवाज पाठवायला लावला. यष्टी स्टँडावर हुबा राहून ऐकला. मान्साला आपला लहानपनचा आवाज वळखू येत न्हाई म्हनतात. मला आला. माझा आवाज तवा फुटायचा व्हता, बारीक व्हता, पन माजोरी व्हता. मागं लेझीम वाजत व्हती. गनपतीची.

हे वाक्य मी तीस वर्सांत येकदाच बोललो, घरच्या तिघींसमोर. फोन बंद व्हता. ते तुमच्या होस्टेलात कसं आलं, हे शेषेरावनं मला नांदेडहून सांगावं.

म्हनून आलोय. मला पोरीला हलवायचं हाय, दुसरं काय...

थांबा. वाजला तुमचा फोन. सात वाजले? लावा. मोठ्यानं लावा, मला ऐकू द्या.

तीनशे दोन, हाय, खिडकीकडं. बरं. तीनशे चार, हाय. हां. तीनशे पाच. पुढलं लावा. तीनशे सहा, दोघी. पुढलं. तीनशे सात.

...परत लावा.

"हाय... दारापाशी हाय ती. दारापाशी खंदा."

हसू नका अप्पा. कुना पोरीचा भाऊ न्हाई तो. मी हाय तो. अकरा वर्साचा मी हाय, अन मी खोटं बोलून राहिलोय.

उठा. चावी घ्या. वाटंत दोन मान्सं दिसली तर त्यायला बी घ्या. दार उघडल्यावर दारापाशी टाईम घालवू नका. भिंतीकडं जा.